कवडीमोल

हैदराबादला समुद्र नाही. मच्छलीपट्टणमचा समुद्रही साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास. तरीसुद्धा हे गाव मोत्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. गंमतच आहे नाही? इराणच्या आखातातून बसऱ्याचे मोती इथं यायचे, इथं त्यांना भोकं पडायची, इथं ते लहानमोठे निवडले जायचे, ओवले जायचे आणि मग नवाबांच्या, जमीनदारांच्या गळ्यात जाऊन बसायचे. आखातातला तो धंदा १९३०च्या सुमाराला बसला, जपानच्या पैदाशी मोत्यांनी त्याला बसवला. आता पत्थरगट्टीच्या दुकानांत चिनी गोड्या पाण्यातले मोती ढिगानं असतात. पण निवडायची, टोचायची आणि ओवायची विद्या मात्र इथंच राहिली आहे.

अशा गावात मी शिंपल्यांचे दागिने करते. मोत्यांचे नाही, शिंपल्यांचे! ओळखीच्या बायका पहिल्यांदा ऐकतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला आता पाठ झालं आहे. ‘अगंबाई, म्हणजे आतला दाणा सोडून टरफलाचे?’ असं एकीनं मला तोंडावर विचारलंही होतं. तिचं काही चुकलं नव्हतं. पण आज लिहायचं आहे ते या दागिन्यांच्या कौतुकासाठी नाही. त्यांच्या पायी माझ्या हातून जे झालं, ते इतकी वर्षं घरातल्या दोघा-तिघांपलीकडे कुणाला ठाऊक नाही. ते एकदा सांगून टाकावं असं वाटतं.

लग्न होऊन मी १९७४ साली उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यातून काचीगुड्यात आले. घरात मराठी, शेजारी तेलुगू आणि बाजारात दखनी. भाजीवाल्याशी ‘नक्को’ आणि ‘हौ’ करायला मला पंधरा दिवस पुरले, तेलुगूला मात्र पंधरा वर्षं लागली. सासूबाई सुधारकी वळणाच्या, शिस्तीच्या. माहेरी आमची आजी आराधी होती. म्हणजे तिनं तुळजाभवानीचा वसा घेतला होता. मंगळवारी-शुक्रवारी गळ्यात कवड्यांची माळ घालून, हातात परडी घेऊन ती जोगवा मागायची. घरात खायला कमी होतं म्हणून नव्हे, तो वसाच तसा. सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘इथं कुणाला सांगत बसू नकोस.’ मी सांगत बसले नाही. आणि खरं बोलायचं तर माझी मलाही त्या माळेची थोडी लाज वाटू लागली होती.

१९८१मध्ये यांची बँकेतून मच्छलीपट्टणमला बदली झाली. तिकडची माणसं गावाला नुसतं ‘बंदर’ म्हणतात. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचं ते बंदर, पण आम्ही गेलो तेव्हा तिथं जुन्या वैभवाच्या खुणा शोधाव्या लागत. आठवणी होत्या त्या १९७७च्या नोव्हेंबरातल्या चक्रीवादळाच्या. शेजारच्या दिवी भागात समुद्र आत शिरून हजारो माणसं गेली होती. आमच्या घरी कामाला येणारी बाई समुद्राकडे पाठ करूनच बसायची. मी मात्र पठारावरची पोर, मला त्या समुद्राचं वेड लागलं. दर रविवारी मंगिनपूडीच्या वाळूवर जायचं आणि पदर भरून शिंपले आणायचे.

पहिला धडा फजितीचा होता. पितळेच्या समया घासतो तसे मी शिंपले चिंचेच्या पाण्यात घातले. तासाभरानं पाहते तर सगळ्यांची कांती गेलेली, खडूसारखे पांढरेफटक आणि हाताला खरखरीत. शिंपला म्हणजे शेवटी चुन्याचाच प्रकार, आंबट त्याला खातं, हे मग समजलं. लिंबू नाही, चिंच नाही, व्हिनेगर तर नाहीच. गोड्या पाण्यात चार-पाच दिवस भिजत ठेवायचे, रोज पाणी बदलायचं, म्हणजे खार निघतो. मग जुन्या दातांच्या ब्रशानं घासायचे आणि सावलीत वाळवायचे. उन्हात ठेवले की गुलाबी, जांभळ्या छटा उडून जातात. शेवटी खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. आणि एक नियम मी तेव्हापासून कधी मोडला नाही : आत जीव असलेला शिंपला उचलायचा नाही. पुढे २००१ साली सरकारनंच शंखशिंपल्यांच्या काही जाती वन्यजीव कायद्याखाली आणल्या. त्यामुळे आता काय उचलावं यात कायद्याचाही विचार करावा लागतो.

तीन वर्षांनी परत काचीगुड्याला आलो तेव्हा सामानात शिंपल्यांची दोन पोती होती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मला दागिने करायचे होते, पण भोक पाडता येईना. खिळा ठोकला की शिंपला उभा चिरायचा. मग एका ओळखीच्या सराफानं मला चारमिनारजवळच्या एका गल्लीत, मोत्यांना भोकं पाडणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे पाठवलं. कमानीच्या दोरीनं फिरणारी त्याची बारीक सळई आणि मोत्यावर थेंबथेंब पडणारं पाणी मी दोन दुपारी नुसती बघत बसले. तिसऱ्या दुपारी त्यानं माझ्या पिशवीतला एक शिंपला घेतला, उजेडात धरला आणि म्हणाला, ‘मोती सब देखते अम्मा, सीपी कौन देखता?’ मग त्यानंच समजावून सांगितलं की मोत्याची चमक आणि त्या शिंपल्याच्या आतल्या अस्तराची चमक एकाच द्रव्याची असते. प्राणी ज्या द्रव्यानं आपलं घर आतून सारवतो, त्याच द्रव्याचे थरावर थर चढवून टोचणाऱ्या कणाचा मोती करतो. एकाला तिजोरी मिळते आणि दुसऱ्याला उकिरडा.

त्याच्याकडून शिकलेलं आजही करते. शिंपला मेणाच्या गोळ्यात बसवायचा, म्हणजे हलत नाही. भोक आतल्या बाजूनं सुरू करायचं. घाई करायची नाही आणि पाणी तोडायचं नाही. कोरडं टोचलं तर शिंपला तापून तडकतो आणि त्याची पूड नाकावाटे छातीत जाते. ओवायचं कसं ते पत्थरगट्टीतल्या एका पटव्यानं शिकवलं, आपल्याकडे ज्याला पटवेकरी म्हणतात तो. त्याची खुबी म्हणजे दर दोन मण्यांमध्ये एक गाठ. ‘एक गिरी तो बाकी के नै गिरते, अम्मा.’ माळ तुटली तरी एकच मणी जातो, बाकीचे जिथल्या तिथं. मला ती गाठ फार आवडली. दागिना गाठवणं या आपल्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मोत्यांची सगळी किंमत जुळण्यावर. चाळण्यांतून चाळून एका मापाचे, एका रंगाचे, एका घाटाचे दाणे काढायचे. निजामाच्या खजिन्यातला सतलडा २००१ साली सालारजंग म्युझियममध्ये पाहायला मिळाला. बसऱ्याच्या मोत्यांचे सात पदर, मोती चारशे पासष्ट! तसे मोती जमवायला किती हातांनी किती चाळण्या हलवल्या असतील, हाच विचार माझ्या मनात आला. शिंपल्यांचं नेमकं उलट. दोन शिंपले सारखे नसतातच. कानातले करायचे तर जोड कुठून आणायचा? त्याचंही उत्तर शिंपल्यापाशीच असतं. एकाच जिवाची दोन झाकणं घ्यायची, डावं एका कानाला आणि उजवं दुसऱ्या कानाला. त्यांच्या बिजागरीचे दात एकमेकांतच बसतात, दुसऱ्या कुठल्या झाकणात बसत नाहीत. अशी जोडी वाळूवर मिळणं म्हणजे त्या दिवसाची कमाई.

हळूहळू माझे दागिने खपू लागले. महिला मंडळाच्या प्रदर्शनात टेबल मिळू लागलं. सासूबाईही एकदा एक हार घालून हळदीकुंकवाला गेल्या, यावरून काय ते समजा. असे दिवस चालले होते आणि १९९३ साल आलं.

त्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या रात्री गणपती बोळवून सगळे झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली. आम्ही दचकून उठलो, पुन्हा झोपलो. सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. तारीख ३० सप्टेंबर. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली दगडमातीची धाब्याची घरं झोपलेल्या माणसांवर बसली होती. माझी आत्या त्याच पट्ट्यात राहायची. तिचं घर गेलं. सून गेली, धाकटा नातू गेला. आत्या अंगणात निजली होती म्हणून राहिली.

दिवाळीनंतर मुलगा तिला महिनाभर आमच्याकडे सोडून गेला. ती फार बोलायची नाही. दुपारी माझ्यासमोर बसून शिंपले टोचताना बघायची. एक दिवस तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आजीची माळ काढून माझ्या मांडीवर ठेवली. आजी १९७९मध्ये गेल्यावर माळ आणि वसा दोन्ही तिच्याकडे आले होते. ती म्हणाली, ‘भित्तीला खुट्टीवर व्हती. माती उपसताना घावली. दोरा सुदिक तुटला नव्हता बघ. आता पत्र्याच्या शेडात कुठं ठेवू? घर मिळालं की नेईन. तवर तू सांभाळ. तुला यातलं कळतं.’

तुला यातलं कळतं. या तीन शब्दांचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.

आता कवडीबद्दल थोडं सांगायला हवं. कवडी आपल्या पठारावरची नाही, आपल्या किनाऱ्यावरचीही फारशी नाही. पैशासारखी चालायची ती लहान पिवळसर कवडी मालदीव बेटांवरून यायची. गलबतंच्या गलबतं भरून ती बंगालला जायची, तिथून आणखी कुठंकुठं, पार आफ्रिकेपर्यंत. बंगालकडे चार कवड्यांचा एक गंडा आणि वीस गंड्यांचा एक पण असा हिशेब होता. कवडीला पॉलिश लागत नाही. जिवंतपणी तो प्राणी आपल्या मऊ अंगाचं पांघरूण कवडीवर बाहेरून ओढून घेतो, म्हणून तिची पाठ घासलेल्या काचेसारखी असते. आणि माणसाच्या गळ्यात वर्षानुवर्षं राहिली, तिला अंगाचं तेल आणि घाम लागला, की तिला एक रंग चढतो, जुन्या हस्तिदंतासारखा. तो रंग बाजारात मिळत नाही.

आणि माझी माती झाली ती इथंच.

१९९६च्या हिवाळ्यात मला एका मोठ्या प्रदर्शनात जागा मिळाली. शिंपल्यांच्या हारात मध्ये कवड्या घालायची कल्पना सुचली. लाड बाजारातून नव्या कवड्या आणल्या, पण त्या हाडासारख्या पांढऱ्या दिसत, शिंपल्यांच्या रंगात मिसळत नसत. कपाटात आजीची माळ होती. मी ती काढली. स्वतःशी म्हटलं, दोरा तसाही जुना झाला आहे, कधीतरी बदलावाच लागेल. हेही म्हटलं की आत्याचं वय झालं, ती आता कुठली जोगवा मागते आहे? एकदा म्हणायला लागलं की माणसाला कारणं सुचत जातात. दोरा कापायला कात्रीचा एक घाव लागला. पंधरा कवड्या घेतल्या, प्रत्येक हारात पाच. तिन्ही हार पहिल्याच संध्याकाळी गेले. दीडशे रुपयांना एक. लोकांनी फार नावाजलं. त्या रात्री मी आनंदात होते, हेही लिहायला हवं.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता आत्या आली. सोबत कुणी नाही. उमरग्याहून एस.टी.नं थेट. हातात पेढ्यांचा पुडा. ‘घर मिळालं गं माय! शिमिटाचं हाय. नवरात आलं, माळ दे.’

मी चहा टाकला. चहा झाला. जेवण झालं. शेवटी कपाटातून डबा काढून तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

आत्यानं डब्याला हात लावला नाही. विचारलं, ‘किती हैत?’

‘सेहेचाळीस.’

‘आन् व्हत्या किती?’

‘एकसष्ट असतील. मी मोजल्या नव्हत्या.’

‘एकसष्टच. मायनं मला मोजून दिल्या व्हत्या. मी बी तुला मोजून द्याया पाहिजे व्हत्या.’ चूक तिनं स्वतःच्या पदरात घेतली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं म्हणाली, ‘किती आले?’

‘साडेचारशे.’

तिनं बोटांवर हिशेब केला. जन्मभर आठवडी बाजारात भाजी विकलेली बाई. ‘म्हंजी एका कवडीला तीस रुपय. आन् लोक म्हणत्यात कवडीमोल.’ आणि ती चक्क हसली. मला रडू आलं ते त्या हसण्यानं.

दुसऱ्या दिवशी मी हारांच्या शोधात निघाले. तिघींपैकी एकच गिऱ्हाईक ओळखीची होती, बरकतपुऱ्यात राहणारी. तिनं तो हार अमेरिकेतल्या लेकीला पाठवला होता. बाकी दोन हार कुठं गेले ते आजतागायत कळलेलं नाही. परत येऊन आत्याला सांगितलं. ती म्हणाली, ‘त्याच कुठून आणशील? दुसऱ्या भर. पंधरा भर आन् दे.’

सुलतान बाजारात एक लमाण बाई पदपथावर जुन्या भरतकामाची कापडं घेऊन बसायची. लमाणांचे तांडे पूर्वी बैलांवर मीठ आणि धान्य लादून या मुलखात हिंडायचे. कवड्या त्यांच्या घागऱ्यांना, पिशव्यांना, बैलांच्या झुलींना. मी सुट्या कवड्या मागितल्या तर बाई म्हणाली, सुट्या नाहीत, कापड घ्या. घेतलं. तिच्या कुणा सासू-आजीनं टाचलेल्या सहा कवड्या मी ब्लेडनं सोडवल्या. म्हणजे एक उसवलेलं भरायला मी दुसरं उसवलंच. पाच लाड बाजारातल्या नव्या होत्या. अकरा झाल्या. चार कमी पडत होत्या.

शेजारच्या तेलुगू वदिना आमच्या घरात काय चाललं आहे ते भिंतीपलीकडून ऐकत असणारच. दिवाळीत त्या आमच्याकडे गूळपाकातल्या गव्वलु पाठवायच्या. गव्वा म्हणजे कवडी. पिठाची गोळी नव्या फणीवर दाबून वळवली की हुबेहूब कवडीसारखी होते. आमच्या शंकरपाळ्यांची थाळी तिकडे आणि त्यांच्या गोड कवड्यांची इकडे, असा जुना रिवाज. त्या संध्याकाळी आल्या आणि मुठीतून चार कवड्या माझ्या हातावर ठेवल्या. त्यांच्या अष्टा-चम्माच्या कवड्या. चारही उताण्या पडल्या की चम्मा, चारही पालथ्या पडल्या की अष्टा. त्यांच्या घरचा तो उन्हाळ्यातला दंगा मी वर्षानुवर्षं ऐकला होता. आता मुलं परदेशी आणि यजमान गेल्याला वर्ष होत आलेलं.

मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘इंक आडेवाळ्ळु एवरुन्नारु, वदिना? तीसुकोंडि.’ आता खेळणारं आहे कोण, घ्या.

त्यांच्यासमोरच मी पहिली कवडी मेणात बसवली आणि पाठीला भोक पाडलं. त्यातून दोरा आत जातो आणि कवडीच्या तोंडातून बाहेर येतो, अशी या माळेची रीत. पलीकडे गेलेली सळई पाहून वदिना हसून म्हणाल्या, ‘अय्यो, चिल्लिगव्व चेसेशारु!’ आपल्याकडे जशी फुटकी कवडी, तशी तेलुगूत चिल्लिगव्वा, म्हणजे भोक पडलेली कवडी. खिशात चिल्लिगव्वाही नाही म्हणजे माणूस पुरता कफल्लक. मी हे आत्याला मराठीत सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, ‘भोक नसंल तर ववायची कशी गं?’

ती सहज बोलली. पण मी हातातलं काम थांबवून तिच्याकडे बघत राहिले. अख्खी कवडी बाजारात चालायची, गंड्यानं मोजली जायची, कुणाच्याही गाठीला बसायची. भोक पडलं की बाजारातून उठली. आणि बाजारातून उठली तेव्हाच माळेत यायला मोकळी झाली. मी याच्या उलट केलं होतं. ओवलेली कवडी मी पुन्हा बाजारात बसवली होती.

एकसष्ट झाल्या. मी रेशमाचा चांगला पिळदार दोरा काढला आणि पटव्यानं शिकवलं होतं तशी दर कवडीमागे गाठ मारायला घेतली. तेवढीच भरपाई, पुन्हा तुटली तरी एकीवर निभावेल. पाच-सहा गाठी झाल्या असतील. आत्यानं माझा हात धरला.

‘गाठी नगं.’

‘अगं, तुटली तर सगळ्या सांडतील.’

‘सांडंनात. एकमेकीला लागल्या पाहिजेत. नाचताना वाजल्या पाहिजेत. तुझ्या गाठीनं त्या मुक्या व्हतील.’

‘आणि तुटली तर?’

‘तुटली तर येचायच्या,’ आत्या म्हणाली.

मी गाठी सोडवल्या. रेशीमही तिला नको होतं. सुताचा दोरा पिळून, हळद लावून तिनं स्वतः ओवायला घेतलं. मी एकेक कवडी पुढे करत गेले. लमाणांची, लाड बाजाराची, वदिनांची, आजीची, हाताला येईल तशी. ओवताना ती मोजत होती, मोठ्यांदा, आणि दारात येऊन बसलेल्या सासूबाईही तिच्याबरोबर मोजत होत्या. पस्तिसाव्या आकड्याला दोघींचं चुकलं तेव्हा सासूबाईंनीच पहिल्यापासून मोजून दिल्या.

साडेचारशे रुपये मी आत्याच्या हातावर ठेवले. तिनं ते परडीत टाकले. ‘हे तुळजापुरात जातील,’ म्हणाली. सकाळच्या गाडीनं ती गेली. बसच्या खिडकीत ती हलली की पदराआड माळ वाजायची. खाली उभी असलेल्या मलाही ऐकू येत होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात नकाशेही उसवून पुन्हा ओवले गेले. आम्हाला त्याची सवय आहे म्हणा. १९५६ साली हैदराबाद संस्थानाचे तुकडे झाले तेव्हा माझं माहेर मुंबई राज्यात गेलं, आईचं माहेर बिदर जिल्ह्यातलं ते म्हैसूर राज्यात, आणि सासर आंध्रात. २०१४पासून तर बंदरचा तो समुद्रही आमच्या राज्यात राहिला नाही. सासूबाई गेल्या. वदिना थोरल्या मुलाकडे गेल्या. त्यांच्या घरात आता दुसरी माणसं आहेत. मी अजून शिंपले टोचते, पण डोळे साथ देत नाहीत म्हणून दिवसाला चार-पाचच. जुन्या माळा कुणी मोडायला आणून दिल्या तर घेत नाही. दुरुस्तीला आणल्या तर बसवून चहा देते, समोर मोजून घेते आणि मोजून देते.

आत्या २००७मध्ये गेली. नवरात्र नुकतंच झालं होतं. दिवसकार्य आटोपल्यावर तिचा मुलगा आला आणि एक फडक्याची पुरचुंडी माझ्यासमोर ठेवून म्हणाला, ‘आईनं तुझ्याकडं द्यायला सांगितलं व्हतं. मोजून दे म्हणली.’

आम्ही दोघांनी मोजली. एकसष्ट.

तो गेल्यावर मी माळ खिडकीशी नेली. अकरा नवरात्रं ती आत्याच्या गळ्यात होती. वदिनांच्या चार कुठल्या ते शोधावं असं मनात आलं. चष्मा पुसला, एकेक कवडी उजेडात धरली. लमाण बाईच्या सहा, बाजारातल्या पाच, आजीच्या सेहेचाळीस. सगळ्यांना तोच हस्तिदंती रंग चढला होता. हाडासारख्या पांढऱ्या म्हणून मी ज्या नाकारल्या होत्या त्याही मला ओळखता येईनात. आयुष्य ज्या कामात घालवलं त्यात मी हरले होते, आणि फार बरं वाटत होतं.

दोरा मात्र ओळखला. तो आम्ही पिळलेला नव्हता. कुठल्यातरी जाड्या पांढऱ्या सुताचा होता, घाईत वळलेला, टोकाला साधी निरगाठ. म्हणजे मधल्या दहा वर्षांत कधीतरी, कुठल्यातरी मंगळवारी, कुणाच्यातरी दारात ती माळ तुटली होती. सगळ्या कवड्या सांडल्या असणार. आणि ऐंशीच्या घरातल्या आत्यानं खाली बसून त्या वेचल्या होत्या. एकही कमी नव्हती.